आपले सेवापुस्तक आपण कधी पाहिले?

सरकारी नोकरीत असलेल्या आपल्या एखाद्या बांधवाला सहज विचारून पाहा की, बाबा रे, तुझे सेवापुस्तक तू शेवटचे कधी पाहिलेस? बहुतेक जण हसतात. 'ते आस्थापनेच्या कपाटात असते, आपल्याला काय करायचे?' असे उत्तर मिळते. पगाराच्या चिठ्ठीतला पाच रुपयांचा फरक ज्याला ताबडतोब दिसतो, त्याला आपल्या अख्ख्या नोकरीचा लेखाजोखा ज्या पुस्तकात आहे त्यात काय लिहिले आहे याचा पत्ता नसतो. आणि पत्ता लागतो तो निवृत्तीच्या उंबरठ्यावर, जेव्हा दुरुस्तीची वेळ निघून गेलेली असते.

माझे वडील चतुर्थश्रेणी कर्मचारी होते. बत्तीस वर्षे नोकरी करून साठाव्या वर्षी निवृत्त झाले. पेन्शनचे कागद तयार होऊ लागले तेव्हा कळले की सुरुवातीच्या दोन वर्षांची सेवापडताळणीच झालेली नाही. कार्यालय म्हणे, तुम्हीच जुन्या कार्यालयातून दाखला आणा. जुने कार्यालय म्हणे, एवढे जुने वेतनपट आता कोण शोधणार? वास्तविक हे काम कार्यालयाचे, हेलपाटे मात्र म्हाताऱ्याचे! चौदा महिने हा खेळ चालला. त्या चौदा महिन्यांत बाबांनी एकदाही कोणाला जाब विचारला नाही. साहेबासमोर उभे राहून 'माझे पुस्तक दाखवा' म्हणणे म्हणजे उद्धटपणा, असेच त्यांना वाटत आले होते.

आता वाशिम जिल्ह्यापुरते पाहू. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन हा जिल्हा झाला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांत १९९८ पूर्वी रुजू झालेल्या कर्मचाऱ्याच्या पुस्तकातली सुरुवातीची पाने जुन्या अकोला जिल्ह्याच्या काळातली आहेत. एक जिल्हा परिषद मागे राहिली, दुसरी नवी उभी झाली. अशा वेळी कोणाच्या पुस्तकातली एखादी पुरवणी, कोणाचा रजेचा हिशेब, कोणाचा स्थायित्वाचा आदेश मागे राहिला नसेल, याची खात्री कोण देईल? ही खात्री आपली आपणच करून घेतली पाहिजे. त्या काळात विशीत लागलेली माणसे आज निवृत्तीला आली आहेत.

पहिल्या पानावरची सर्वांत महत्त्वाची नोंद जन्मतारखेची. आपल्या आईबापांनी जन्मतारीख लिहून ठेवलेली नव्हती. पोराला शाळेत घातले तेव्हा गुरुजींनी बोटे मोजून १ जून नाहीतर १ जुलै टाकली. शाळेच्या दाखल्यावरून तीच सेवापुस्तकात उतरली. त्याचा परिणाम बघा. ज्याचा जन्म महिन्याच्या १ तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणजे १ जुलैवाला ३० जूनला घरी जातो आणि १ जुलैची वेतनवाढ त्याच्या हातून जाते. वर्षभर काम करूनही एका दिवसासाठी जाणाऱ्या या वेतनवाढीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये कर्नाटकातील वीज कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात मान्य केला. गुरुजींच्या त्या एका तारखेची किंमत किती पिढ्यांनी मोजली, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

खरी तारीख मिळू शकते का? वऱ्हाडात ती बऱ्याचदा कोतवाल बुकात मिळते. गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद त्यात होत असे आणि जातही लिहिली जात असे. कितीतरी गावी कोतवालकी आपल्याच माणसाकडे होती. अख्ख्या गावाचे जन्म-मरण कळवणाऱ्याच्या स्वतःच्या नातवाला मात्र १ जुलै मिळाला! त्या नोंदीची नक्कल रीतसर अर्ज करून काढता येते. पण नक्कल हाती असली तरी घड्याळ थांबत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (सेवेच्या सर्वसाधारण शर्ती) नियम, १९८१ मधील नियम ३८ असे सांगतो की, एकदा नोंदलेली जन्मतारीख बदलायची तर ती चूक कर्मचाऱ्याव्यतिरिक्त दुसऱ्या कोणाच्या हलगर्जीपणामुळे झाली किंवा ती उघड लेखनिकी चूक आहे, हे दिसले पाहिजे. आणि १६ ऑगस्ट १९८१ नंतर सेवेत आलेल्यांनी त्यासाठी अर्ज करायचा तो नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत. तिसाव्या वर्षी जाग येऊन उपयोग नाही. हरनाम सिंग प्रकरणात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने पस्तीस वर्षांनी आलेली मागणी याच उशिरापायी नाकारली. २०१० साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणातही निवृत्तीच्या तोंडावर तारीख बदलून मागणे न्यायालयाने मान्य केले नाही. म्हणून नव्याने लागलेल्या आपल्या मुलामुलींनी तरी पहिल्या वर्षीच हे पान उघडावे.

दुसरी नोंद जातीची आणि धर्माची. माझ्या वडिलांच्या पुस्तकात 'हिंदू महार' असे लिहिलेले निघाले. आमच्या घरातून देव १९५६ सालीच बाहेर गेले होते. लिहिणाऱ्याने विचारले नाही, बाबांनी पाहिले नाही. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत स्थान मिळाले ते १९९० साली, महाराष्ट्र शासनाच्या सवलती मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून होत्या. या दोन्हींच्या मधल्या काळात कोणाच्या पुस्तकात 'महार', कोणाच्या 'बौद्ध', कोणाच्या 'नवबौद्ध', अशा ज्याच्या त्याच्या मर्जीने नोंदी झाल्या. हा केवळ अस्मितेचा प्रश्न नाही. मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी बापाच्या सेवापुस्तकाच्या त्याच पानाचा उतारा जोडला जातो. बिंदुनामावलीत आपण कोणत्या बिंदूवर आहोत तेही नियुक्तीच्या वेळच्या प्रवर्गाशी बांधलेले असते. १९४३ साली व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना बाबासाहेबांनी केंद्राच्या नोकऱ्यांत अस्पृश्यांसाठी ८.३३ टक्के जागा मिळवल्या. तिथून चालत आलेला हक्क एका लिपिकाच्या घाईपायी अडावा काय?

आता मागायचे कसे? सेवापुस्तक दोन प्रतींत असते. मूळ प्रत कार्यालयात राहते, दुय्यम प्रत कर्मचाऱ्याकडे असायची असते. तेव्हा मूळ पुस्तक पाहण्यासाठी आणि दुय्यम प्रत अद्ययावत करून देण्यासाठी कार्यालयप्रमुखाकडे लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच तारखेसह घ्यावी. तोंडी विनंती हवेत विरते. पुस्तक हाती आले की पहिल्या पानाबरोबर दरवर्षीची सेवापडताळणी, रजेचा हिशेब, नामनिर्देशने, जात वैधतेची नोंद, आणि सहाव्या-सातव्या वेतन आयोगाच्या वेतननिश्चितीवर वेतनपडताळणी पथकाचा शिक्का आहे की नाही, हे बघावे. खाडाखोड असेल तर तिथे अधिकाऱ्याची सही हवी.

अर्जाला दाद मिळाली नाही तर माहितीचा अधिकार आहेच. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून जन माहिती अधिकाऱ्याकडे आपल्या सेवापुस्तकाच्या साक्षांकित प्रती मागाव्यात. प्रतीला पानामागे दोन रुपये पडतात. तीस दिवसांत उत्तर नाही आले तर त्याच कार्यालयाच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिले अपील करावे. पुढचे दुसरे अपील, वाशिमच्या बाबतीत, राज्य माहिती आयोगाच्या अमरावती खंडपीठाकडे जाते. काही कार्यालये 'ही वैयक्तिक माहिती आहे' म्हणून बोळवण करतात आणि २०१२ च्या गिरीश देशपांडे निकालाचा दाखला देतात. तो निकाल दुसऱ्याच्या सेवाविषयक माहितीबद्दल होता. स्वतःचे पुस्तक स्वतःपासून गुप्त कसे असेल? गोपनीय अहवालाचेही तेच. देव दत्त प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, चांगला असो की वाईट, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. तो अभियंता केवळ 'चांगला' या शेऱ्यामुळे बढतीला मुकला होता, कारण बढतीला 'अतिशय चांगला' लागत होते.

मात्र एक घोळ आपले कार्यकर्ते नेहमी करतात. माहितीच्या अधिकारात प्रत मिळते, दुरुस्ती मिळत नाही. दुरुस्तीसाठी पुराव्यासह वेगळा अर्ज लागतो. तो नामंजूर झाला तर राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला प्रशासकीय न्यायाधिकरणाचे नागपूर खंडपीठ आहे. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याला त्या दारातून प्रवेश नाही, त्याची वाट उच्च न्यायालयाकडे जाते. आणि 'पुस्तकच गहाळ झाले' असे कोणी सांगितले तर तेही लेखी मागावे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ साली झाला, त्यात अभिलेख बेकायदा नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. नुसते हे नाव अर्जात लिहिले तरी कपाटे उघडतात, असा माझा अनुभव आहे.

जुन्या चुकीच्या वेतननिश्चितीची वसुली निवृत्तीच्या वेळी ग्रॅच्युइटीतून कापण्याचा प्रकारही सर्रास चालतो. पंजाबच्या रफिक मसीह प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीय व चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांकडून अशी वसुली करण्यास मनाई केली. पण वेतननिश्चितीच्या वेळी 'जादा रक्कम परत करीन' असे वचनपत्र आपण न वाचता सही करून देतो. आणि २०१६ च्या दुसऱ्या एका निकालात त्याच वचनपत्राच्या आधारे वसुली कायम झाली.

आपल्या कर्मचारी संघटनांना यात एक सांगणे आहे. जयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला कार्यक्रम होतात, निवृत्त होणाऱ्याला शाल-श्रीफळ दिले जाते, फोटो छापून येतो. ते जरूर करा. पण वर्षातून एक रविवार तालुक्याच्या ठिकाणी बसा, पाच-पन्नास जणांना आपापल्या दुय्यम प्रती घेऊन बोलवा, जाणत्या निवृत्त लिपिकाला शेजारी बसवा आणि पान-पान तपासा. ज्याच्याकडे प्रत नाही त्याचा अर्ज तिथेच लिहून घ्या.

बाबांचे दुय्यम सेवापुस्तक निवृत्तीनंतर, पेन्शनच्या कागदांबरोबर, आमच्या हाती आले. पहिले पान सोडले तर त्यात बत्तीस वर्षांत एकही ओळ लिहिली गेली नव्हती.