मुसळ दाखवलं म्हणून कुसळ जात नाही

सोसायटीच्या बैठकीत कुणी म्हणालं, "ओला आणि सुका कचरा एकत्र टाकू नका," की उत्तर तयार असतं : "आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ बघा." चार जण हसतात, बोलणारा ओशाळतो आणि विषय संपतो. दांभिकपणावर बोट ठेवणाऱ्या म्हणींची आपल्याकडे ददात नाही. 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण' आहे, 'चोराच्या उलट्या बोंबा' आहे. छत्रपती संभाजीनगरात मराठीच्या जोडीला हिंदी-उर्दूही सहज चालते, त्यामुळे 'सौ चूहे खाके बिल्ली हज को चली' हीही हाताशी असते. पण या म्हणींनी वाद खरंच मिटतो का? त्याबद्दलचे काही गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज : समर्पक म्हण फेकली की टीका खोडली गेली.

वस्तुस्थिती : म्हणीत टीकेची कबुलीच असते. 'तुझ्या डोळ्यात मुसळ आहे' म्हणताना 'माझ्या डोळ्यात कुसळ आहे' हे मान्य केलेलं असतं. आपल्या तर्कशास्त्राने ही चाल फार पूर्वी ओळखली होती. गौतमाच्या न्यायसूत्रांत, पाचव्या अध्यायात, वादात हार कधी झाली हे ठरवणारी २२ निग्रहस्थानं दिली आहेत. त्यांतलं एक 'मतानुज्ञा' : स्वतःवर आलेला दोष दूर न करता तोच दोष समोरच्यावर ढकलणं. 'तू चोर आहेस' याला 'तूही चोरच' असं उत्तर दिलं, तर पहिला आरोप जागचा हलत नाही. नैयायिकांच्या हिशेबात असं उत्तर देणारा हरतो. आपल्या बैठकीत मात्र त्याला टाळ्या मिळतात.

गैरसमज : जो स्वतः पाळत नाही, त्याचं सांगणं चूकच.

वस्तुस्थिती : सांगणं बरोबर की चूक, हे सांगणाऱ्याच्या वागण्यावरून ठरत नाही. याचा धडा या शहराने २०१८ मध्ये घेतला. शहराचा रोजचा शेकडो टन कचरा वर्षानुवर्षं नारेगावच्या डेपोवर पडत होता. त्या वर्षी फेब्रुवारीत तिथल्या ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या आणि कचरा शहरातच साचू लागला. पर्यायी जागांनाही विरोध झाला. ७ मार्चला मिटमिट्यात दगडफेक, जाळपोळ आणि लाठीमारापर्यंत गोष्टी गेल्या.

अशा संकटात प्रत्येकाला दुसऱ्याचं मुसळ सहज सापडतं. नागरिकाने महापालिकेला विचारावं, 'इतकी वर्षं प्रक्रिया का केली नाही?' महापालिकेने नागरिकाला विचारावं, 'घरात दोन डबे ठेवता का?' दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांतला एकही दुसऱ्याचं उत्तर होत नाही. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ नुसार कचरा वेगळा करून देणं ही घराची जबाबदारी होती, तर तो वेगळा उचलून त्यावर प्रक्रिया करणं ही स्थानिक संस्थेची. एकाने कर्तव्य चुकवलं म्हणून दुसऱ्याचं माफ होईल, अशी सोय त्यात नव्हती. आणि नारेगावकरांपैकी एखाद्याने स्वतःच्या दारात कचरा जाळला असता, तरी डेपोच्या धुराबद्दलची त्यांची तक्रार खोटी ठरली नसती.

गैरसमज : मग दांभिकपणा दाखवून देणं ही नेहमी पळवाटच.

वस्तुस्थिती : असंही नाही. प्रश्न कोणता आहे, ते आधी पाहावं लागतं. 'गोष्ट खरी आहे का' हा एक प्रश्न झाला. 'सांगणाऱ्यावर विश्वास ठेवावा का' हा दुसरा. 'नियम सगळ्यांना सारखा लागतो का' हा तिसरा. पहिल्यापुढे म्हण निरुपयोगी आहे, पण उरलेल्या दोहोंसाठी ती चांगलीच कामाची. कचरा एकत्र दिला म्हणून दंड करणाऱ्या यंत्रणेने वेगवेगळा दिलेला कचरा एकाच गाडीत ओतला, तर 'कोरडे पाषाण' म्हणण्यात गैर काय? तिथे तक्रार न्यायाबद्दल आहे. फक्त त्यावरून 'म्हणून मीही एकत्रच टाकणार' इथवर उडी मारू नये.

'चोराच्या उलट्या बोंबा' हिची जात तर वेगळीच. आरोप करणाऱ्यानेच ते कृत्य केलं, असा प्रतिआरोप तिच्यात असतो. तो खरा निघाला तर सगळं प्रकरणच फिरतं. म्हणून ही म्हण वापरणाऱ्याने पुरावाही द्यायला हवा.

गैरसमज : मुसळ-कुसळाचा अर्थ, स्वतः निर्दोष असल्याशिवाय बोलू नये.

वस्तुस्थिती : या कल्पनेची दोन जुनी रूपं पाहिली तर असा अर्थ निघत नाही. महाभारताच्या आदिपर्वात दुष्यंत भर दरबारात शकुंतलेला नाकारतो, तिच्या आईवर, मेनकेवर, शिंतोडे उडवतो. तेव्हा ती त्याला सुनावते, की तुला दुसऱ्याचे मोहरीएवढे दोष दिसतात, स्वतःचे बेलफळाएवढे दिसत नाहीत. पण एवढं बोलून ती थांबत नाही. सत्याची थोरवी सांगत आपल्या मुलाचा हक्क ती मांडत राहते. टोला हा तिच्या युक्तिवादाचा एक भाग आहे, सगळा युक्तिवाद नव्हे. बायबलमध्ये मत्तयाच्या सातव्या अध्यायातला उपदेशही असा : आधी स्वतःच्या डोळ्यातलं काढ, म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यातलं काढायला नीट दिसेल. म्हणजे कुसळही काढायचंच आहे. फक्त क्रम सांगितला आहे.

गैरसमज : दांभिक माणसाचा राग येतो, कारण तो चुकतो.

वस्तुस्थिती : चुकणाऱ्याला आपण बऱ्यापैकी सांभाळून घेतो. येल विद्यापीठातल्या जिलियन जॉर्डन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात यावर प्रयोग प्रसिद्ध केले. दुसऱ्याला नावं ठेवणारा माणूस न बोलता 'मी तसा नाही' असं सुचवत असतो, आणि ही फसवी जाहिरात लोकांना खटकते. 'हे वाईट आहे, आणि मीही कधीकधी करतो' अशी कबुली देणाऱ्याला लोकांनी इतकं कठोरपणे तोललं नाही. टीका करणाऱ्याने आपली चूक आधीच सांगून टाकली, तर मुसळाचा टोला मारायला जागाच उरत नाही.

गैरसमज : टीका मान्य करणं म्हणजे हार.

वस्तुस्थिती : या शहरातला नागसेनवन परिसर आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उभं केलेलं मिलिंद महाविद्यालय ही नावं एका वादचर्चेतून आली आहेत. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला चर्चेआधी अट घालतो : पंडितांसारखं बोलणार असाल तर बोलू, राजांसारखं बोलणार असाल तर नको. पंडितांच्या वादात चूक दाखवली जाते, ती मान्यही होते, आणि कुणी रागावत नाही. राजाच्या वादात विरोध करणाऱ्याला शिक्षा होते. मिलिंद पहिला मार्ग निवडतो.

बैठकीतल्या म्हणीलाही हीच कसोटी लावता येईल. 'तुमचं बरोबर आहे, उद्यापासून दोन डबे ठेवतो. आता तुमच्या मजल्यावरच्या पिशव्यांचंही बघा,' असं उत्तर दिलं तर मुसळही दाखवून होतं आणि कचराही वेगळा होतो.