आत्याचाही आजार सांगा

बारामती-इंदापूर रस्त्यावर ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पॅडल असतात. पेशीतल्या अर्बुदरोधक, म्हणजे गाठ रोखणाऱ्या, जनुकांचंही तसंच. प्रत्येकाच्या दोन प्रती, एक आईकडून, एक वडिलांकडून. ‘टीपी ५३’ हे जनुक बिघडलेल्या पेशीचं विभाजन थांबवतं, नाहीतर तिला मरायला लावतं. ‘बीआरसीए १’ (शोध १९९४) आणि ‘बीआरसीए २’ (१९९५) तुटलेला डीएनए सांधायला मदत करतात. एक प्रत जन्मतःच सदोष असली तरी दुसरी काम धकवते. एखाद्या पेशीत तीही निकामी झाली, की तिथून गाठ धरू शकते.

स्तनाच्या १०० कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० असे आनुवंशिक असतात. बाकीच्यांत जनुकांतला बिघाड आयुष्यात पुढे होतो.

खारघरला टाटा मेमोरियलच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्ये आनुवंशिक कर्करोगाचं समुपदेशन होतं. अशा समुपदेशनात आधी कागदावर वंशवृक्ष काढतात: बाईला गोल, पुरुषाला चौकोन, आजार झालेल्याचा आकार भरलेला. आपल्याकडे नेमकी इथेच चूक होते. आजी, मावशी आठवते. आत्या राहून जाते. सदोष प्रत वडिलांकडूनही येते, आणि मुलगा असो वा मुलगी, ती मिळण्याची शक्यता निम्मी असते.

घरात कुणाला कमी वयात स्तनाचा, कुणाला बीजाशयाचा, किंवा पुरुषाला स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर दोन्हीकडच्या तीन पिढ्या लिहून काढा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा.