गाडीचा रंग मोबाईलवर ठरवू नका, उन्हात ठरवा



गेल्या व्हिडिओत ॲडव्हान्स घेण्याआधी गिऱ्हाइकाशी काय बोलायचं, हे सांगताना मी एका लाल गाडीचा ओझरता उल्लेख केला होता. त्या एका गाडीत माझे ४२,००० रुपये गेले. आज ती गोष्ट सगळी सांगतो, कारण तुमचं दुकान रंगाचं असो, शिवणकामाचं असो की फर्निचरचं, हा खड्डा तुमच्याही वाटेत आहे.

कोल्हापुरात माझं गाड्यांच्या रंगाचं दुकान आहे. पुढे काउंटर आणि शेड मिक्सिंगचं मशीन, मागे छोटं पेंटिंग शेड. दुकान सुरू करून दोन वर्षं झाली होती. एका संध्याकाळी, आठच्या सुमारास, साधारण माझ्याच वयाचा एक जण आला. वडिलांची जुनी प्रीमियर पद्मिनी होती. वडील त्याच वर्षी गेले होते. इंजिन, चेसिसला हात न लावता त्याने गाडीला हॉट रॉडचा थाट दिला होता: क्रोमच्या रिमा, टॅन रंगाच्या सीटा, चकाकणारा बंपर. मोबाईल पुढे केला आणि म्हणाला, "दादा, हा रंग पाहिजे."

स्क्रीनवर अमेरिकेतली एक लाल हॉट रॉड होती. लाल म्हणजे असा लाल, की आत दिवा लावलाय असं वाटावं.

मी शेडकार्ड काढलं, ट्यूबलाइटखाली दोन मिनिटं बघितलं आणि म्हणालो, "होऊन जाईल." ॲडव्हान्स घेतला. बीबीएला आम्हाला 'ग्राहक राजा आहे' हे तीन वर्षं शिकवलं. राजाला प्रश्न विचारायचे असतात, हे कुणी शिकवलं नव्हतं.

तो रंग नक्की काय होता?

आधी हॉट रॉड म्हणजे काय ते थोडक्यात. १९३० आणि ४० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातली तरुण पोरं जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात घ्यायची, मडगार्ड काढून वजन कमी करायची, इंजिन ताकदवान करायची आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट मैदानांवर पळवायची. फोर्डची १९३२ ची व्ही-एट इंजिनवाली गाडी यात सगळ्यांची लाडकी. त्याआधीची फोर्ड मॉडेल टी तर १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळायची. कारखान्यातून हजारो गाड्या एकसारख्या निघायच्या. म्हणून रंग ही मालकाची सही झाली.

पुढे १९५० च्या दशकात जो बेलॉन या कारागिराने 'कँडी ॲपल रेड' गाजवला. पावसाळी रात्री गाड्यांच्या मागच्या लाल दिव्यांची चमक त्याच्या डोळ्यात भरली आणि तोच लाल पकडायला त्याने वर्षानुवर्षं प्रयोग केले, असं सांगतात.

हा रंग डब्यात तयार नसतो, तो थरांमध्ये तयार होतो. खाली चंदेरी किंवा सोनेरी बेस, त्यावर पारदर्शक लाल रंगाचे हात, सगळ्यात वर क्लिअर कोट. ऊन क्लिअरमधून आत जातं, चंदेरी थरावर आपटून लाल होऊन बाहेर येतं. म्हणून आत दिवा लावल्यासारखं दिसतं.

पण याचा दुसरा अर्थ असा, की प्रत्येक हाताबरोबर रंग गडद होत जातो. एका भागावर चार हात आणि शेजारच्या भागावर पाच, तर दोन वेगळे लाल. गन थोडी जास्त ओव्हरलॅप झाली, तर पट्टा.

माझं काय चुकलं

आमचे पेंटर मामा साध्या रंगात पक्के हात. कँडी त्यांनी आधी केला नव्हता आणि मी विचारलंही नव्हतं. बॉनेट आणि दरवाजे काढून वेगळ्या दिवशी मारले. शेडमध्ये सगळं झकास दिसत होतं. सकाळी गाडी उन्हात काढली, तेव्हा बॉनेट एक लाल, दरवाजे दुसरे आणि मागची बाजू तिसरी.

तो घ्यायला आला. ओरडला नाही. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "परवा बाबांचं वर्षश्राद्ध आहे. आईला याच गाडीतून नरसोबाच्या वाडीला न्यायचं होतं."

हे मला माहीतच नव्हतं, कारण गाडी कधी आणि कशासाठी पाहिजे, हे मी विचारलंच नव्हतं. ते दुसऱ्या गाडीने गेले. सगळा रंग खरवडून पुन्हा करायला जे ४२,००० लागले, ते पुढच्या सहा महिन्यांत भरून निघाले. ती तारीख भरून निघाली नाही.

दुसऱ्यांदा काम सुरू करण्याआधी मी त्याला आईसोबत बोलावलं. काकू स्टुलावर बसल्या, गाडीकडे बघत म्हणाल्या, "लाल चालेल मला. पण हा लाल रात्री काळा दिसतो." एकदम बरोबर. गडद कँडी कमी उजेडात काळपट वाटतो. आठ वाजता ट्यूबलाइटखाली रंग ठरवणाऱ्या मला हे आधी कळायला हवं होतं.

त्या दिवसापासून माझ्या काउंटरवर पाच प्रश्न छापून चिकटवलेत. हॉट रॉड असो, जीप असो की बुलेट, आधी प्रश्न, मग शेडकार्ड.

१. गाडी राहणार कुठे, फिरणार कुठे?

प्रदर्शनापुरती बाहेर निघणारी गाडी आणि रोज बाजारात उभी राहणारी गाडी, दोघींचा रंग एक नसतो. कायम उन्हात उभी असेल तर गडद रंगाचा पत्रा जास्त तापतो आणि लाल रंग उतरायची शक्यता जास्त. काळ्यावर धूळ आणि फडक्याचे गोल ओरखडे लगेच दिसतात. मॅट फिनिश फोटोत भारी, पण त्याला पॉलिश करता येत नाही. केलं की तेवढाच भाग चमकतो.

२. पत्रा किती सरळ आहे?

हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. काळा आणि गडद चमकदार रंग पत्र्यातली प्रत्येक लाट दाखवतो. पांढरा, क्रीम, फिकट राखाडी बरंच झाकून घेतात. जुन्या गाडीवर पुट्टीचं काम जास्त असेल, तर एकतर पत्र्यावर आणखी मजुरी धरा, नाहीतर रंग फिकट घ्या. पत्रा तसाच ठेवून काळा मारला, तर दोष रंगाच्या दुकानावरच येतो.

३. न बदलणाऱ्या गोष्टी कोणत्या?

सीट, रिमा, क्रोम, आतलं कापड. पेंट आपण हव्या त्या शेडमध्ये बनवू शकतो, सीटचं रेक्झिन तसं बनवता येत नाही. म्हणून सुरुवात सीटपासून करा. हॉट रॉडमध्ये हे आणखी महत्त्वाचं, कारण तिथे बऱ्याचदा इंजिन उघडं असतं. इंजिन, त्यामागचा पत्रा, चाकं आणि बॉडी हे सगळं एका नजरेत दिसतं. रंग पूर्ण बदलणार असाल, तर दरवाजाच्या कडा, डिकीची आतली बाजू आणि बॉनेटखालचा भागही आला. ती मजुरी कोटेशनमध्ये नसेल, तर ती तुमच्या खिशातून जाणार.

४. ओरखडा पडला तर काय?

साध्या सॉलिड रंगाचा टच-अप सोपा. मेटॅलिकमध्ये ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. गनचं प्रेशर आणि अंतर बदललं की ते वेगळे बसतात आणि शेड बदलल्यासारखी वाटते. पर्ल त्याहून अवघड. कँडीमध्ये छोट्या जागेचा पॅच जवळपास जमतच नाही, बहुतेक वेळा पूर्ण भाग किंवा पूर्ण बाजू पुन्हा करावी लागते. हे वाक्य ॲडव्हान्स घेण्याआधी मोठ्याने बोला. ऐकूनही गिऱ्हाईक कँडीच मागत असेल, तर आनंदाने करा. आता तो निर्णय त्याने समजून घेतलेला आहे.

५. आरसी बुकात कोणता रंग आहे?

गाडीचा रंग नोंदणीत लिहिलेला असतो. रंग बदलायचा तर आरटीओकडे अर्ज करून नोंद बदलून घ्यावी लागते, इन्शुरन्स कंपनीलाही कळवावं. आणि जीपवाले मित्र हमखास जो मागतात तो ऑलिव्ह ग्रीन: केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२१ नुसार तो संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे. धंदा गेला तरी चालेल, पण या रंगाला "होऊन जाईल" म्हणू नका.

आता पॅनेल बनवा

प्रश्न झाले की दोन-तीन शेड उरतात. त्यांचे तुकडे शेडकार्डवर बघायचे नाहीत. साधारण फूटभर पत्रा घ्या, शक्यतो थोडा वळलेला, कारण सपाट तुकड्यावर रंगाची छटा कळत नाही. त्यावर तोच प्रायमर, तोच बेस, तीच गन आणि तोच पेंटर. कँडी असेल तर टेप लावून पट्टे करा: तीन हात, चार हात, पाच हात. ज्या पट्ट्यावर बोट ठेवलं जाईल, तेवढेच हात पूर्ण गाडीवर, आणि बॉनेट-दरवाजे त्याच दिवशी.

मग पॅनेल गाडीशेजारी ठेवून चार वेळा बघा: दुपारच्या उन्हात, संध्याकाळी, ट्यूबलाइटखाली आणि रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली. समोरून बघा, तिरपं बघा. पसंत पडल्यावर मागच्या बाजूला शेडचा फॉर्म्युला, हातांची संख्या, तारीख आणि गिऱ्हाइकाची सही घ्या. ते पॅनेल गाडी देईपर्यंत तुमच्याकडे.

मी पॅनेलचे १,५०० रुपये घेतो आणि काम मिळालं की बिलात वजा करतो. फुकट दिलं तर लोक सहा पॅनेल मागतात. पैसे घेतले की विचार करून दोनच मागतात.

कोटेशनमध्ये एवढं लिहा:

- कोणता रंग, किती थर, कोणकोणते भाग
- पत्र्याचं काम वेगळं की धरून
- गाडी कधी द्यायची, आणि त्या तारखेला घरात काय आहे
- पावसाळ्यात लागणारे जादा दिवस (आपल्याकडची जुलैची दमट हवा रंगाला मानवत नाही)
- उरलेला अर्धा लिटर रंग, हार्डनर न मिसळता, घट्ट बंद करून गिऱ्हाइकाला देणार

आणि पेंटरला चांगला मास्क द्या. टू-के रंगाच्या हार्डनरचे फवारे छातीत जातात. फडकं बांधून भागत नाही.

त्या गाडीचं काय झालं?

तीन पॅनेल केली. कँडी, सॉलिड मरून आणि एक वेगळंच. खरवडताना डॅशबोर्डच्या मागे गाडीचा मूळ रंग सापडला होता, फिकट क्रीम. आरसीवरही तोच. तो तुकडा काकूंनी हातात घेतला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पोराला म्हणाल्या, "घेतली तेव्हा हाच होता. पण गाडी आता तुझी आहे, तू ठरव."

त्याने दोन दिवस घेतले. शेवटी बॉडी सॉलिड मरून आणि छत त्या जुन्या क्रीमचं. टॅन सीटांना दोन्ही रंग शोभले. फक्त "काळा-पिवळा नको, टॅक्सी वाटेल" एवढं हसून म्हणाला. आरटीओचा अर्ज यावेळी आधी केला. पुढे पार्किंगमध्ये कुणाच्या तरी मोटारसायकलने दरवाजाला ओरखडा पाडला, मामांनी अर्ध्या दिवसात तो काढला. कँडी असता तर पूर्ण बाजू गेली असती.

तर मंडळी, आजचा गृहपाठ. तुमच्या धंद्यातलं 'शेडकार्ड' कोणतं, ते शोधा. टेलरकडे ते कापडाचं चार बोटांचं सॅम्पल असेल, फर्निचरवाल्याकडे लॅमिनेटचा तुकडा, फ्लेक्सवाल्याकडे कॉम्प्युटरची स्क्रीन. गिऱ्हाईक त्यावर बोट ठेवतं आणि आपण ॲडव्हान्स घेतो. त्याच्या आधी विचारायचे तुमचे पाच प्रश्न आज रात्री वहीत लिहा, आणि पहिला प्रश्न हाच ठेवा: "हे कधी आणि कशासाठी पाहिजे?"

भेटू पुढच्या व्हिडिओत. पॅनेल कसं बनवायचं, ते मामा स्वतः करून दाखवणार आहेत.