‘तो काळच तसा होता’ असं कुणी म्हटलं तर काय सांगायचं?

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी संध्याकाळी वंदना झाल्यावर तरुणांचा अभ्यासवर्ग भरतो. मागच्या महिन्यात पुस्तकाऐवजी चित्रपट दाखवायचं ठरलं आणि बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ लावला. शेवट होईपर्यंत पुढच्या सतरंजीवर बसलेल्या दोन-तीन आज्या पदराने डोळे पुसत होत्या. मागे बसलेली पोरं मात्र चिडली होती. एक जण उठून म्हणाला, “हा आपला अपमान आहे. असले चित्रपट विहारात दाखवूच नयेत.” त्यावर एक आजी म्हणाल्या, “पोरा, आम्ही हा पिक्चर बघितला तेव्हा आपल्या माणसाचं दुःख पडद्यावर पहिल्यांदा दिसलं होतं. तो काळच तसा होता.”

वाद तासभर चालला. घरी जाताना आमच्या डोक्यात आजींचं शेवटचं वाक्य घोळत राहिलं. जुना चित्रपट, जुना तमाशा, जुनी विनोदी नाटकं यांत आपली चेष्टा किंवा कीव केलेली दिसली आणि आपण बोललो की हेच उत्तर मिळतं: आजच्या कसोटीवर काल जोखू नका. हे वाक्य आजींनी मायेने म्हटलं. प्रस्थापित मंडळी तेच वाक्य तोंड बंद करायला वापरतात. म्हणून ते खरं आहे का, हे एकदा नीट तपासायला हवं.

१९३६ : एकाच वर्षातल्या दोन गोष्टी

‘अछूत कन्या’ हा बॉम्बे टॉकीजचा चित्रपट १९३६ चा. निर्माते हिमांशू राय, दिग्दर्शक जर्मनीचे फ्रान्झ ऑस्टेन, कथा निरंजन पाल यांची. देविका राणी कस्तुरी झाल्या आणि अशोक कुमार प्रताप. कस्तुरी ही रेल्वे फाटकावरच्या अस्पृश्य चौकीदाराची, दुखियाची मुलगी. प्रताप हा ब्राह्मण दुकानदार मोहनचा मुलगा. मोहनला साप चावतो तेव्हा दुखिया तोंडाने विष ओढून त्याचा जीव वाचवतो आणि दोन्ही घरांत मैत्री होते. मुलं मोठी होतात, एकमेकांवर प्रेम करतात, पण लग्न होत नाही. शेवटी फाटकावर प्रताप आणि कस्तुरीचा नवरा यांची मारामारी चालू असताना गाडी येते. ती थांबवायला कस्तुरी धावते आणि गाडीखाली जाते.

त्या काळात हा चित्रपट धाडसी समजला गेला आणि खूप चालला. अस्पृश्यता वाईट आहे, एवढं तो नक्की सांगतो. पण मार्ग कोणता सांगतो? बापाने विष चोखायचं आणि मुलीने गाडीखाली जायचं. एवढं केल्यावर समाज हळहळतो. गाव मात्र जसं होतं तसंच राहतं.

आता त्याच वर्षाचं दुसरं पान उघडू. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावलं होतं. भाषणाचा मजकूर वाचून मंडळ बिथरलं आणि अधिवेशनच रद्द झालं. बाबासाहेबांनी ते भाषण मे १९३६ मध्ये स्वतः छापून काढलं. तेच ‘जातिप्रथेचं विध्वंसन’. त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबईत महार परिषद भरली आणि बाबासाहेबांनी ‘मुक्ती कोन पथे?’ हे भाषण केलं. त्याआधी, ऑक्टोबर १९३५ मध्ये, येवल्याची घोषणा झालेली होती.

म्हणजे पडद्यावर कस्तुरी मरत होती त्याच वर्षी मुंबईत हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष धर्म सोडायचा की नाही यावर विचार करत होते. त्यांना कुणाची हळहळ नको होती, हक्क हवे होते. मग ‘काळ तसा होता’ हे कोणत्या काळाबद्दल म्हणायचं? कसोटी तेव्हाही होती. चित्रपट काढणाऱ्यांनी ती वापरली नाही, एवढंच.

१९५९ : ‘मुलगी’ आणि ‘मुलीसारखी’

‘सुजाता’ १९५९ चा. सुबोध घोष यांची कथा, नूतन आणि सुनील दत्त यांच्या भूमिका. कॉलऱ्यात आईबाप गेलेलं अस्पृश्य घरातलं तान्हं मूल एका ब्राह्मण अभियंत्याच्या घरात वाढतं. घरात सगळे प्रेमाने वागतात, पण ओळख करून देताना सुजाता ‘मुलगी’ नसते, ‘मुलीसारखी’ असते. त्या एका शब्दातला अपमान बिमल रॉय यांनी फार बारकाईने दाखवला आहे. सुलोचनाबाईंनी केलेली आई वाईट बाई नाही, आणि तीच खरी बोचणारी गोष्ट आहे. आपल्यापैकी कितीतरी मुलामुलींनी वसतिगृहात, मित्रांच्या घरी, कार्यालयात हे ‘सारखं’ असणं अनुभवलेलं आहे. आज्यांचे डोळे उगाच भरले नव्हते.

पोरंही उगाच चिडली नव्हती. कथा सुटते कशी ते बघा. आई जिन्यावरून पडते, रक्त लागतं आणि ते फक्त सुजाताचं जुळतं. तिच्या रक्ताने आईचा जीव वाचतो, तेव्हा कुठे ती ‘मुलगी’ होते. दुखियाने विष ओढलं, कस्तुरीने जीव दिला, सुजाताने रक्त दिलं. तेवीस वर्षांत पडद्यावरची अट बदलली नाही: आधी तुमच्या देहातून काहीतरी द्या, मग तुम्हाला माणूस म्हणू. रक्त जुळलं नसतं तर काय, हा प्रश्न चित्रपट विचारतच नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला या वेळी पाहताना खटकली. चित्रपटात रवींद्रनाथ टागोरांच्या ‘चंडालिका’चा प्रयोग दाखवला आहे. भिक्खू आनंद प्रकृती नावाच्या चांडाळ मुलीकडे पाणी मागतो, ती बौद्ध साहित्यातली कथा. आनंद तिच्याकडून काही सिद्ध करून घेत नाही. ती माणूस आहे म्हणूनच तो पाणी मागतो. अट आधी नाही, नंतरही नाही. म्हणजे धम्माचं उत्तर चित्रपटातच होतं, पण ते रंगमंचावरच्या नाचापुरतं राहिलं. सुजाता जीव द्यायला नदीकाठी जाते तेव्हा तिला आधार मिळतो तो गांधीजींच्या पुतळ्याचा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांनी बाबासाहेबांबरोबर धम्म स्वीकारला, त्याला तेव्हा तीनच वर्षं झाली होती. चित्रपटात त्याचा मागमूस नाही.

आक्षेप तेव्हाही घेतले जात होते

हे फक्त आपल्याकडे घडलं असं नाही. अमेरिकेत गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्या माणसांची नक्कल करायचे आणि त्या खेळांना गर्दी व्हायची. गुलामीतून सुटून आलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८४८ मध्येच आपल्या वृत्तपत्रातून अशा कलावंतांवर कडक टीका केली होती. १९१५ मध्ये ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या चित्रपटाने कु क्लक्स क्लानला नायक बनवलं, तेव्हा काळ्यांच्या संघटनांनी शहराशहरांत निषेध केला. अपमान आज शोधून काढलेला नाही. ज्याचा अपमान झाला त्याला तो त्याच दिवशी कळला होता. त्याचा आवाज तिकीटखिडकीपर्यंत पोहोचू दिला गेला नाही.

तमाशा : इथे आपलीच माणसं होती

चित्रपटाबद्दल बोलणं तसं सोपं आहे, कारण तो दुसऱ्यांनी आपल्याबद्दल काढला. तमाशाचा प्रश्न जास्त अवघड आहे. ढोलकीवर, तुणतुण्यावर, सोंगाड्याच्या जागी आणि बोर्डावर नाचायला महार, मांग, कोल्हाटी समाजाचीच माणसं होती. गण, गौळण, बतावणी, वग हा सगळा डोलारा त्यांच्या अंगमेहनतीवर उभा होता. कला त्यांची होती, पण दौलतजादा करणारा हात गावच्या पाटला-सावकाराचा होता. रात्री ज्या बाईवर पैसे उधळायचे, तिची सावली दिवसा चालायची नाही.

बाबासाहेबांना हे स्पष्ट दिसत होतं. पठ्ठे बापूराव यांनी तमाशाच्या खेळांचं उत्पन्न चळवळीला देऊ केलं आणि बाबासाहेबांनी ते नाकारलं, ही आठवण चळवळीत आजही सांगितली जाते. अस्पृश्य स्त्रियांना नाचवून मिळालेल्या पैशावर स्वाभिमानाचा लढा उभा राहत नाही, अशी त्यामागची भूमिका होती. १९३६ मध्येच त्यांनी मुंबईत कामाठीपुऱ्यातल्या स्त्रियांसमोर बोलताना अप्रतिष्ठेचं जगणं सोडायचं आवाहन केलं.

मग आपल्या आजोबा-पणजोबांनी तमाशाचं काय केलं? त्यांनी जलसा उभा केला. सत्यशोधक जलशांनी वाट घालून दिलेली होती. १९३० च्या दशकात नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या अनेकांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. ढोलकी ठेवली, खटकेबाज सवाल-जवाब ठेवले, बतावणीतला विनोद ठेवला. देवाचं स्तवन आणि गौळणीतली छेडछाड गळाली. हसू पूर्वी दुबळ्यावर यायचं, ते आता भटजीवर, सावकारावर आणि आपल्यातल्या अंधश्रद्धेवर यायला लागलं. मेलेलं ढोर ओढू नका, पोरांना शाळेत घाला, हे सगळं त्याच चालीत लोकांपर्यंत गेलं. मनोरंजनातलं काय टाकायचं आणि काय ठेवायचं, याचा इतका व्यवहारी धडा दुसरीकडे मिळणार नाही.

पण याचीही दुसरी बाजू आहे आणि ती आपण झाकू नये. जलशात स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करू लागले. जिचं पोट नाचण्यावर होतं तिला नव्या मंचावर जागा मिळाली नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने अश्लीलतेचं कारण देऊन तमाशावर बंदी घातली. मग संहिता तपासून परवानगी द्यायची पद्धत सुरू झाली. त्या बंदीची झळ पैसे उधळणाऱ्यांना बसली नाही, फडातल्या बायकापोरांना बसली. पुढे चित्रपटांनीही तेच केलं. ‘पिंजरा’त (१९७२) तमासगीर बाई म्हणजे आदर्श गुरुजीच्या अधःपतनाचं कारण. ती त्या फडात कशी आली, हे कुणी विचारत नाही. इतिहासकार शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांवर जे संशोधन केलं आहे, त्यातून हाच प्रश्न पुढे येतो: ‘अश्लील’ हा शिक्का कोण मारतं आणि तो कुणाच्या कपाळावर बसतो?

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची गोष्ट आपण ऐकलेली असते. खेळ चालू असताना त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. ही गोष्ट बहुतेक वेळा कलेवरच्या निष्ठेचं उदाहरण म्हणून टाळ्यांसाठी सांगितली जाते. आपण ती वेगळी ऐकायला हवी. बाळंतपणाची एक रात्रसुद्धा जिला हक्काने मिळत नाही, तिच्या कष्टाची ही गोष्ट आहे. तमाशावर टीका करताना आपली जीभ तिच्यावर घसरणार असेल, तर आपण पाटलाच्याच बाजूला जाऊन बसलो असं समजावं.

मग पाहायचं की नाही?

आमचं मत सांगतो. बंदीची मागणी करू नये. जुने चित्रपट गायब झाले तर आपल्याशी कसं वागलं गेलं याचा पुरावाही गायब होतो. अमेरिकेत २०२० मध्ये ‘गॉन विथ द विंड’ एका स्ट्रीमिंग सेवेने काही दिवस काढून घेतला आणि नंतर एका काळ्या अभ्यासक स्त्रीच्या प्रास्ताविकासह परत आणला. चित्रपट तोच राहिला, पण पाहण्याआधी दुसरी बाजू ऐकण्याची सोय झाली. हे काम आपले विहार, वाचनालयं आणि अभ्यासवर्ग सहज करू शकतात. त्यासाठी चार प्रश्न पुरेत:

१. ही गोष्ट कुणी लिहिली, आणि आपली भूमिका कुणी केली?

२. आपल्या माणसाला मान मिळण्यासाठी काय द्यावं लागतं? जीव, रक्त, की काहीच नाही?

३. हसू कुणावर येतं आणि कीव कुणाची?

४. ज्या वर्षी हे आलं त्या वर्षी आपली चळवळ काय करत होती?

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. तो विचारला की ‘तो काळच तसा होता’ या वाक्यातली हवा निघून जाते. मग २०१४ मध्ये प्रदर्शित झालेल्या नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’चा शेवट का वेगळा आहे, तेही कळतं. जब्या कुणाला रक्त देत नाही, कुणासाठी मरत नाही. तो दगड उचलून भिरकावतो आणि तो थेट बघणाऱ्याच्या दिशेने येतो.

पुढच्या रविवारी आम्ही त्या आजींना विचारलं, “पिक्चर बघितला तेव्हा तुम्हाला काहीच खटकलं नव्हतं?” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “खटकलं की. ती एवढी गप्प का राहते, असं तेव्हाच वाटलं होतं. माझ्या बाबांनी दीक्षा घेतली होती. आमच्या घरात कुणी गप्प बसायचं नाही. पण मला कधी कुणी विचारलं का?”

म्हणजे कसोटी आजींकडेही तेव्हापासून होती. आपल्या घरात, वस्तीत अशी कितीतरी माणसं आहेत. त्यांच्यासोबत बसून जुने चित्रपट पाहा, जुनी गाणी ऐका आणि तेव्हा काय वाटलं होतं ते विचारा. ते लिहून ठेवा. चित्रपटांचा आपला इतिहास तिथूनच सुरू होईल.

जय भीम.