इंटरनेट चालते, पण शेजारचा संगणक दिसत नाही

वडूजच्या बाजारपेठेत खाली दुकान, वर घर आणि दोन्हीकडे एकेक संगणक, ही मांडणी नेहमीची. वरून खालची हिशेबाची फाइल उघडेना, तर आधी दोन्हीकडे कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ टाइप करून पत्ता पाहा. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे राउटरने पत्ता दिलेलाच नाही. वीज जाऊन आल्यावर हे बऱ्याचदा घडते. केबल नीट बसवा, राउटर बंद करून पुन्हा चालू करा.

एकीकडे १९२.१६८.१.५ आणि दुसरीकडे १९२.१६८.०.५ दिसले, तर खरी मेख सापडली. फायबरच्या मोडेमला स्वतःचा राउटर जोडला, की बहुधा घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात. इंटरनेट दोन्हीकडे चालते, म्हणून कुणाला संशयही येत नाही. दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाका.

पत्ते जुळूनही फाइल उघडत नाही? विंडोजमध्ये नेटवर्क ‘पब्लिक’ऐवजी ‘प्रायव्हेट’ करा, फाइल शेअरिंग सुरू करा. ‘होमग्रुप’ शोधत बसू नका. विंडोज १० मधून ती सोय २०१८ मध्येच काढली गेली. आणि वैतागून फायरवॉल मात्र कायमची बंद ठेवू नका, दुकानाचा सगळा हिशेब त्याच संगणकात आहे.