रद्दीतली लुपिता

मेक्सिकोच्या ग्वानाह्वातो प्रांतात सेलाया नावाचे जे शहर आहे, तेथे जुनी वर्तमानपत्रे, सामान बांधण्याचा तपकिरी कागद, गव्हाच्या पिठाची खळ आणि चार रंगांच्या वाट्या एवढ्याच भांडवलावर एक बाहुली जन्माला येते; गुलाबी गालांची, ठसठशीत बांध्याची, दोरीने बांधलेले हातपाय मोकळेपणी हलविणारी ही बाहुली लुपिता या घरगुती नावाने ओळखली जाते. तिचा साचा दोन फाळ्यांचा असतो. त्याला आतून साबण किंवा चरबी चोळावयाची, आणि मग खळीत भिजलेले कागदाचे तुकडे एकावर एक बसवीत जावयाचे. हे तुकडे हाताने फाडलेले असावे लागतात, कात्रीने कापलेले चालत नाहीत. कारण फाडलेल्या कडेचे तंतू शेजारच्या तुकड्यात मुरून जातात, तर कापलेली कड सुकल्यावर अंगावरील व्रणासारखी उठून दिसते. उन्हात वाळलेले दोन्ही फाळे साच्यातून सोडवून कागदाच्या पट्ट्यांनी जोडले, सरसात कालविलेल्या खडूच्या भुकटीचा पांढरा हात त्यांवर फिरविला, की चित्रकाम सुरू होते. केस, कंठा, फुले, आखूड पोशाख हे सारे रंगानेच अंगावर चढविलेले असते. आणि छातीवर कित्येकदा एखाद्या मुलीचे नाव लिहिलेले असते.

युरोपातून येणाऱ्या चिनीमातीच्या बाहुल्या ज्यांना परवडत नव्हत्या, त्यांच्या मुलींसाठी ही कागदी बहीण निघाली, असे तिच्याविषयी सांगतात. ते खरे धरले, तरी लुपिताच्या चेहऱ्यावर गरिबीचा किंवा नकलेचा संकोच तिळमात्र नाही. उलट, कपाटातल्या त्या नाजूक बाईसाहेबांपेक्षा आपण अधिक जगलेल्या आहोत, अशी एक धिटाई तिच्या भुवयांत असते.

याच खळीचे आणि याच रद्दीचे दुसरे अपत्य म्हणजे पवित्र सप्ताहातील यहूदा. येशूचा विश्वासघात करणाऱ्या या शिष्याचे कागदी पुतळे, वेताच्या कामट्यांच्या सांगाड्यावर चढविलेले, शिंगे फुटलेले, कधी एखाद्या अप्रिय पुढाऱ्याच्या तोंडवळ्याचे, अंगाखांद्यावर फटाक्यांच्या माळा घालून ईस्टरच्या आदल्या शनिवारी भर चौकात उडविण्याची तिकडे वहिवाट आहे. त्यांच्या लहान आवृत्त्या मुलांच्या हाती खेळणे म्हणून पडत. मेक्सिको शहरातील पेद्रो लिनारेस (1906–1992) हा अशा पुतळ्यांचाच कारागीर; 1936 च्या सुमारास आजारपणात त्याला पंखांची गाढवे आणि शिंगांचे कोंबडे असे विचित्र प्राणी स्वप्नात दिसले आणि बरा झाल्यावर त्याने ते कागदात उभे केले, ही हकीकत आता सर्वतोमुखी झाली आहे. कार्मेन काबायेरो नावाची बाजारात बसणारी बाई दिएगो रिव्हेरा या जगद्विख्यात चित्रकारासाठी माणसाहून उंच यहूदा करून देत असे. ते आज संग्रहालयांत उभे आहेत. भर चौकात फुटून चिंध्या होण्यासाठीच ज्यांचा जन्म, त्यांना धूळ झटकणारे सेवक आणि नोंदवहीत क्रमांक मिळावा, हा दैवाचा थोडा थट्टेखोर न्यायच म्हटला पाहिजे.

मेक्सिकन क्रांतीच्या धामधुमीनंतर शहाण्यासुरत्या मंडळींचे लक्ष या वस्तूंकडे वळले. 1921 साली राजधानीत लोककलांचे प्रदर्शन भरले आणि 1930 साली गाब्रिएल फेर्नांदेस लेदेस्मा याने मेक्सिकन खेळण्यांवर स्वतंत्र पुस्तकच प्रसिद्ध केले. अलीकडे केरेतारो प्रांताच्या सरकारने आमेआल्कोच्या चिंध्यांच्या बाहुलीला 2018 मध्ये सांस्कृतिक वारशाची सनद बहाल केली. मक्याच्या कणसावरील ज्या पाल्यात मेक्सिकन गृहिणी तामाले उकडते, त्याच पाल्याची खेचरे कॉर्पुस ख्रिस्तीच्या सणाला विकली जातात; त्यांचीही दखल कोणी ना कोणी घेतलीच. परंतु या सर्व दप्तरांत कारागिरांच्या मालाचीच नोंद अधिक. मुले स्वतःच्या हाताने घरातल्या मोडीतून जे करीत आली, ते बहुधा नोंदीबाहेर राहिले. कारण त्याला ना साचा, ना किंमत, ना संध्याकाळपर्यंत टिकण्याची शाश्वती.

शीतपेयाच्या बाटलीचे पत्र्याचे बूच घ्यावे, दगडाने ठेचून चपटे करावे, खिळ्याने मध्यभागी दोन भोके पाडावीत आणि त्यांतून दोरा ओवून त्याच्या दोन्ही टोकांत बोटे अडकवावीत. आपल्याकडच्या मुलांना ही भिंगरी म्हणून ठाऊक आहे; मेक्सिकोत ती सुम्बादोर होय. दोऱ्याला पीळ देऊन ताणले की तो उलगडत बूच फिरवितो, पण बूच गतीच्या भरात थांबत नाही व दोऱ्याला उलट दिशेने पीळ घालते. पुढचा ताण नेमका केव्हा द्यावयाचा हे बोटांनाच कळावे लागते. तोच प्रकार सार्डिन माशांच्या रिकाम्या डब्याचा. त्याला तारेचे आस आणि बुचांची चाके लावली की गाडी तयार.

चाकांवरून आठवले. 1880 साली देझिरे शार्ने या फ्रेंच प्रवाशाला पोपोकातेपेत्ल ज्वालामुखीच्या उतारावरील जुन्या दफनभूमीत चाकांवर चालणारी मातीची चिमुकली जनावरे सापडली, तेव्हा विद्वानांनी त्यावर सहजी विश्वास ठेवला नाही. कारण स्पॅनिश लोक येईपर्यंत त्या भूमीत गाडी नव्हती, आणि ओढणारे जनावरही नव्हते. पुढे 1940 च्या दशकात त्रेस सापोतेसच्या उत्खननात तशीच जनावरे निघाली आणि शंका मिटली. ती बाळगोपाळांसाठी होती की मृतांसाठी, याविषयी पंडितांनी खुशाल भांडावे. ज्या देशाने ओझ्यासाठी चाक वापरले नाही, त्याने ते मातीच्या कुत्र्याच्या पायांशी मात्र लावले होते, एवढे निर्विवाद आहे.

आता मेक्सिकोत 30 एप्रिलच्या बालदिनाच्या सुमारास शाळांतून प्लास्टिकच्या बाटल्यांचे बालेरो करविले जातात. मूळचा बालेरो लाकडी: दोरीला बांधलेला भोकाचा गट्टू उडवून हातातल्या दांडीवर अचूक बसवावयाचा. बाटलीच्या प्रकारात बाटलीचा वरचा भाग उलटा धरून त्याचा पेला करितात आणि दोरीने बांधलेले झाकण त्यात झेलतात. पर्यावरणाच्या उत्साहात गुरुजी पुष्कळदा बाटली मध्यावर कापतात. पेला इतका रुंद होतो की झाकण पहिल्याच फटक्यास आत पडते आणि मूल दुसऱ्या मिनिटाला ते टाकून देते. जाणता मनुष्य बाटली गळ्याच्या जरा खाली, निमुळत्या भागातच कापतो, कापलेल्या कडेला चिकटपट्टी लावतो आणि दोरी हातभर लांब सोडतो. मग तेच झाकण पोराला दुपारभर हुलकावणी देते.