सोपा, हॉल आणि स्पीकर

आपल्याकडे स्पीकर सुधारत गेले आणि खोल्या बिघडत गेल्या. सातारा-सांगलीच्या पट्ट्यातल्या घरांमध्ये गेल्या साठ-सत्तर वर्षांत आवाजाचं काय झालं हे पाहायला बसलं की मला तरी हेच दिसतं. आज सांगलीच्या विश्रामबागेत किंवा साताऱ्याच्या गोडोलीकडे बंगला बांधणारा माणूस हॉल तीस बाय वीसचा ठेवतो. त्याला लागून उघडं किचन, मधूनच वर गेलेला जिना, एका बाजूला काचेची सरकती दारं आणि खाली चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी. मग तो दुकानात जाऊन विचारतो, "हॉल मोठा आहे, कुठले स्पीकर घेऊ?" दुकानदार वॅट सांगतो. हॉलच्या भिंतींबद्दल दोघंही अवाक्षर काढत नाहीत.

सुरुवात केली पाहिजे ती सांगली नावाचा जिल्हाच नव्हता त्या काळापासून. उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे होते; दक्षिण साताऱ्याचं सांगली झालं ते 1960 मध्ये. त्याआधी, 1956 साली, आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पाच मराठी जिल्ह्यांतली 150 गावं निवडली. उत्तर सातारा त्या पाचांत होता. गावातल्या पंधरा-वीस जणांनी ठरल्या वेळी रेडिओभोवती जमायचं, शेतीचा कार्यक्रम ऐकायचा आणि मग त्यावर आपसांत बोलायचं. अभ्यासकांनी या प्रयोगाकडे लोकशिक्षण म्हणून पाहिलं, ते योग्यच होतं. मला मात्र त्यातली साधी बाब खुणावते. एक रेडिओ, त्याच्या पोटात एकच स्पीकर, आणि वीस माणसांचं त्यावर भागत होतं. आजच्या हॉलमध्ये वीस माणसं बातम्या ऐकायला बसवा, मागच्या चौघांचं "काय म्हणाला?" सुरू होईल.

ऑक्टोबर 1963 मध्ये आकाशवाणीचं सांगली केंद्र सुरू झालं आणि रेडिओ या भागाच्या रोजच्या जगण्यात आला. घरचा रेडिओ बहुधा सोप्यात असे. वाल्व्हचा सेट, लाकडी पेटी, मागे भोकांचा पुठ्ठा, वर विणलेला रुमाल. बटण फिरवल्यावर वाल्व्ह तापेपर्यंत थांबायचं. स्पीकर सहा-आठ इंची, कागदी कोनाचा. खालचे खोल सूर त्याला झेपत नव्हते आणि वरचे तर मीडियम वेव्हवरून येतच नव्हते. तरीही त्या आवाजाची आठवण काढून हळहळणारी माणसं आजही भेटतात. त्यातला अर्धा भाग वयाचा असेल. उरलेला अर्धा सोप्याचा आहे.

जुन्या वाड्याचा सोपा म्हणजे तीन बाजूंनी भिंती आणि चौथी बाजू चौकाकडे सताड उघडी. भिंती पांढऱ्या मातीच्या, हात-दीड हात जाड. वर कडीपाट, खाली सारवलेली जमीन, तिच्यावर जाजम किंवा घोंगडं, भिंतीशी लोड-तक्के, कोपऱ्यात धान्याची पोती. यातली एकही गोष्ट आवाजासाठी केलेली नव्हती. पण आवाजाला याहून चांगली खोली पैसे देऊनही मिळणं कठीण.

हे का, ते समजायला थोडं लांब जावं लागेल. 1895 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कुणालाच कळेना. एक शब्द उच्चारला की तो साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाला हे दुरुस्त करायला सांगितलं. तो रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, व्याख्यानगृहात मांडायचा, ऑर्गनचा एक पाइप वाजवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचा. पहाटे गाद्या जागच्या जागी. त्यातून त्याचं सूत्र निघालं: खोलीचं आकारमान जितकं मोठं तितका घुमारा लांब, आणि आवाज पिणारा पृष्ठभाग जितका जास्त तितका तो आखूड. पिण्याचं माप त्याने काय घेतलं असेल? उघडी खिडकी. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणजे शंभर टक्के प्यायला गेला.

आता आपला सोपा घ्या. तीस फूट लांब, बारा फूट खोल, दहा फूट उंच. चौकाकडची तीस बाय दहाची बाजू ही सॅबाइनच्या भाषेत अख्खी एक उघडी खिडकी. बाकी भिंती, जाजम, माणसं काहीच धरलं नाही तरी घुमारा ढोबळमानाने 0.6 सेकंदावर येतो. घरात बसून गाणं ऐकायला तज्ज्ञ साधारण अर्ध्या सेकंदाच्या आसपासचा आकडा सांगतात. सॅबाइनला गाद्या वाहाव्या लागल्या. आपल्याकडे त्या पाहुण्यांसाठी आधीच घातलेल्या होत्या.

आता बंगल्यातला हॉल. तीस बाय वीस, उंची अकरा फूट. सिमेंटचा गिलावा, फरशी आणि काच आवाज जवळजवळ पीतच नाहीत. रिकाम्या हॉलचा घुमारा अडीच-तीन सेकंदांवर जातो. सोफा, पडदे आणि चार माणसं आली की तो सव्वा सेकंदाच्या आसपास उतरतो, म्हणजे हवा त्याच्या दुप्पट तरीही उरतोच. तबल्याचा एक बोल विरायच्या आत पुढचे चार त्याच्यावर येऊन पडतात. अशा जागी लाखाचा स्पीकर आणला काय आणि दहा हजारांचा आणला काय, द्रुत तान चिखलात रुतल्यासारखीच ऐकू येणार.

मधल्या काळात स्टिरिओ आला. जगात स्टिरिओच्या रेकॉर्डी बाजारात आल्या 1958 साली. आपल्या मध्यमवर्गीय घरांत तो शब्द रुजायला सत्तरचं दशक उजाडलं. 1970 मध्ये कलकत्त्यात सोनोडाइन सुरू झाली. फिलिप्स होतीच, कॉस्मिक होती, एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर होता. परदेशी माल आणायची वाट जवळपास बंद, त्यामुळे ज्याचा कुणी आखातात नोकरीला त्याच्याकडेच नॅशनल पॅनासोनिक. बाकीच्यांसाठी गल्लीतला रेडिओ दुरुस्त करणारा अँप्लिफायर असेंबल करून देई आणि सुतार स्पीकरचे डबे ठोकून देई. सागवान किंवा जाड प्लायवूड, पुढे कापड, आत कापूस. ज्याला तेवढंही परवडत नसे तो स्पीकर माठाच्या तोंडावर उलटा बसवायचा. हसू नका. माठाच्या पोटातली हवा एका ठरावीक सुराला घुमते आणि ठेका भरदार लागतो. तो एकच सूर दरवेळी भरदार लागतो हा त्यातला दोष, पण त्या दिवसांत खालचा आवाज नुसता ऐकू येणं हीच चैन होती.

स्टिरिओचा अर्थ मात्र फार थोड्यांना कळला. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा त्रिकोण जमला पाहिजे, तर मधल्या मोकळ्या जागेत गायक उभा राहतो. आपल्याकडे दोन डबे आहेत म्हटल्यावर एक सोप्यात आणि दुसरा माजघरात लावायची पद्धत पडली, सगळ्या घराला ऐकू यावं म्हणून. सोप्यात सतार, माजघरात तबला. कुणाची तक्रार नव्हती.

एका बाबतीत मात्र सांगलीकर नशीबवान. मिरज शेजारी. दीडशेहून अधिक वर्षं तिथे सतारी आणि तंबोरे बनतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले आणि 1937 मध्ये गेल्यावर इथल्याच दर्ग्याच्या आवारात विसावले. ज्याने खऱ्या तंबोऱ्याची जवारी हातभर अंतरावरून ऐकली आहे त्याला स्पीकर निवडायला आकड्यांचा तक्ता लागत नाही. तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावायचं. हलक्या ट्वीटरवर त्या जवारीची नुसती भुणभुण होते. चांगल्यावर एका तारेतून उमलणारे स्वर सुटे दिसतात. गाडीतल्या ठोक्यांवर किंवा सिनेमातल्या स्फोटांवर स्पीकर पारखणाऱ्यांना ही परीक्षा सुचत नाही.

घरं बदलली ती हळूहळू. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगरचा भूकंप झाला आणि दगड-मातीच्या भिंतींवरचा पाटण-कराड भागातला विश्वास डळमळला. सिमेंट आलं, मग आरसीसी. भाऊबंदकीत वाड्यांचे चौक भरले गेले. जमिनीवर शहाबादी, मग मोझॅक, मग व्हिट्रिफाइड. प्रत्येक फरशी आधीचीपेक्षा गुळगुळीत. लोड-तक्के माळ्यावर गेले. आवाज पिणारं एकेक घराबाहेर पडत होतं आणि त्याच वेळी दुकानातले वॅट वाढत होते. नव्वदच्या दशकात डेकवर पीएमपीओ नावाचा आकडा छापलेला असे, हजारात. त्या आकड्याला मोजमापाचा काही आधार नव्हता. हाताने उचलता येईल अशा यंत्रातून तेवढे वॅट निघणं शक्यच नव्हतं. पण शेजाऱ्याच्या डेकवर छापलेल्या आकड्याहून आपला मोठा असणं हाही एक आनंद असतो. पुढे होम थिएटर आलं, मूठभर आकाराचे पाच स्पीकर आणि एक डबा. सोप्यातून माजघरात गेलेला दुसरा स्पीकर आता थेट सोफ्याच्या मागे.

याच काळात रस्त्यावर डॉल्बी आली. इथे डॉल्बी म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. सप्टेंबर 2014 मध्ये साताऱ्यात विसर्जनाच्या मिरवणुकीत एक जुनी भिंत कोसळून तिघांचा जीव गेला आणि ठपका डॉल्बीच्या दणक्यावर आला. कायद्याने रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा 2000 सालापासूनच आहे. बंदी, परवानगी, पुन्हा बंदी हे दरवर्षीचं झालं. माझा मुद्दा वेगळा आहे. डॉल्बीने एका पिढीचा कान घडवला. खालचा आवाज म्हणजे छातीत धडधड, अशी त्यांची व्याख्या झाली. पखवाजाच्या धुम्याचा आणि तंबोऱ्याच्या खर्जाचा खालचा आवाज त्यांच्या हिशेबात नाही. हॉलसाठी स्पीकर घ्यायला आलेला तरुण पहिल्यांदा बेसच वाढवून पाहतो. मोकळ्या रस्त्यावर तो बेस पसरून तरी जातो. फरशीच्या हॉलमध्ये तो कोपऱ्यात साचतो.

मोठ्या हॉलला मोठे स्पीकर लागतात, हे मात्र दुकानदार खरंच सांगतो. कारण तेवढं सांगत नाही. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. एक मीटरवर एका वॅटला प्रत्येकी 85 डेसिबल देणाऱ्या दोन स्पीकरांचा जोड चार मीटरवर मिळून 76 च्या आसपास पोचतो. गाण्यातला चढ 100 डेसिबलपर्यंत न्यायचा तर प्रत्येकाला 250 वॅट द्यावे लागतील. तोच जोड 91 डेसिबलचा असेल तर साठ-पासष्ट वॅटमध्ये काम होतं. खोलीत भिंतींची मदत होते म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी लागतं, पण प्रमाण तेच राहतं. तेव्हा आधी विचारायचा तो हा आकडा, वॅट नंतर. खालच्या सुरांचं आणखी अवघड. एक सप्तक खाली गेलं की तेवढ्याच आवाजासाठी कोनाला चौपट हलावं लागतं. पाच इंची वूफर ते कुठवर करणार? म्हणून उंच टॉवर, नाहीतर वेगळा सबवूफर. टीव्हीखालची सडपातळ साउंडबार शयनगृहात ठेवावी.

सांगलीकरांना एक जादा प्रश्न आहे, पुराचा. 2005 मध्ये तो आला. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी आहे 45. 2021 मध्ये पुन्हा. आजच्या बहुतेक स्पीकरचे डबे एमडीएफचे, म्हणजे दाबलेल्या लाकडी तंतूंचे. पाणी लागलं की ते फुगतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत. सुताराने ठोकलेला सागवानी डबा सावलीत वाळवता येतो. आतला कोन आणि कॉइल बदलली की तो पुन्हा वाजायला लागतो. गावभागात किंवा खणभागात तळमजल्यावर राहणाऱ्याने स्पीकर घेताना याचा विचार करायला हरकत नाही.

माझं मत विचाराल तर अख्खा हॉल आवाजाने भरायचा नाद सोडावा. हॉलचा चौक समजावा आणि त्याच्या एका बाजूला आपला सोपा मांडावा. जाड जाजम अंथरावं, मागे पुस्तकांचं उघडं कपाट, काचेवर दुहेरी कापडाचे पडदे, बसायला गादी. स्पीकर भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे, एकमेकांत सात-आठ फूट, आणि ऐकणारा तेवढ्याच अंतरावर. चार मीटरांचे अडीच झाले की निम्म्याहून कमी वॅट पुरतात आणि घुमाऱ्याच्या मानाने सरळ आवाज जास्त कानाशी येतो. पलीकडे सोफ्यावर बसलेल्या पाहुण्यांना गाणं अंधुक ऐकू येईल, पण ते तसेही बोलतच असतात.